स्थूलतानिवारण शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत आणि फेरशस्त्रक्रिया

वजन घटवण्यासाठी जठरावर व लहान आतड्यावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांना स्थूलतानिवारण शस्त्रक्रिया किंवा बेरियाट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. अशा शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत, महिन्यांत किंवा अनेक वर्षांनी उद्भवणाऱ्या विकारांचा आणि त्यांपैकी काहींसाठी कराव्या लागणाऱ्या फेरशस्त्रक्रियेचा आढावा या लेखात घेतला आहे. पूर्वीच्या शस्त्रक्रियेतील दोष दुरुस्त करणे, ती बदलून दुसऱ्या प्रकारची शस्त्रक्रिया करणे अथवा ती शक्य तितकी पूर्ववत करणे म्हणजे फेरशस्त्रक्रिया होय. रुग्णालयांत यासाठी ‘रिव्हिजन’ हा शब्द सर्रास वापरला जातो. शाळेतल्या उजळणीशी त्याचा संबंध नाही; उजळणीत तोच धडा पुन्हा गिरवला जातो, येथे बहुधा धडाच बदलावा लागतो.

फेरशस्त्रक्रियेचा विचार दोन निरनिराळ्या कारणांनी केला जातो. पहिले कारण म्हणजे रचनेतील बिघाड: अरुंद झालेला मार्ग, जखम, अडकलेले आतडे, न थांबणारी आम्लजळजळ. दुसरे म्हणजे वजन अपेक्षेइतके न घटणे किंवा घटून पुन्हा वाढणे. पहिल्या प्रकारात शस्त्रक्रिया अनेकदा अटळ असते व क्वचित तातडीचीही असते. दुसऱ्या प्रकारात ती अनेक पर्यायांपैकी केवळ एक असते. व्यवहारात या दोहोंची गल्लत होते आणि रुग्णाचे नुकसान बऱ्याचदा त्या गल्लतीतूनच होते.

मूळ शस्त्रक्रिया

या उपचारपद्धतीचा आरंभ १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला, असे सामान्यतः मानले जाते. तेथे लहान आतड्याचा बराच मोठा भाग वगळून अन्न थेट पुढे नेण्याची पद्धत वापरण्यात आली. वजन घटले, परंतु यकृत निकामी होणे, मूतखडे, तीव्र जुलाब आणि कुपोषण असे परिणाम दिसू लागल्याने ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. अनेक रुग्णांचे आतडे पुन्हा पूर्ववत जोडावे लागले. फेरशस्त्रक्रियेचा इतिहास अशा रीतीने मूळ शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे.

१९६० च्या दशकात आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपास ही पद्धत विकसित केली. तिच्या आजच्या रूपात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. १९९० च्या दशकात ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊ लागली. एकच जोड असलेला बायपास हा तिचा सोपा केलेला प्रकार होय.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा कापून काढतात व केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. ही पद्धत आधी एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून वापरली जात असे. पहिल्या टप्प्यातच पुरेसे वजन घटते असे दिसल्यावर तिला स्वतंत्र स्थान मिळाले. आज जगात व भारतातही हीच शस्त्रक्रिया सर्वाधिक केली जाते. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवण्याची पद्धत एके काळी युरोप, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत फार लोकप्रिय होती. आता नवे पट्टे क्वचितच बसवले जातात. बसवलेले काढण्याचे काम मात्र चालू आहे.

सुरुवातीच्या दिवसांतील गुंतागुंत

अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियांनंतरच्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण हजारात एक ते तीन इतके आहे. पित्ताशय काढण्याच्या नित्याच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास जाणारा हा धोका आहे. रक्तस्राव, पायातील शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे आणि शिवणीतून गळती होणे हे मुख्य धोके होत.

गळती ओळखणे कठीण असते, कारण स्थूल व्यक्तीच्या पोटात जंतुसंसर्ग पसरला तरी पोट कडक लागेलच असे नाही. नाडी मिनिटाला १२० च्या वर जाणे आणि तशीच राहणे हे पहिले व काही वेळा एकमेव लक्षण असते. स्लीव्हमधील गळती बहुधा अन्ननलिकेजवळच्या वरच्या टोकाला होते आणि भरून यायला आठवडे किंवा महिने लागू शकतात. नळीतील दाब जास्त असल्याने छिद्र पुन्हा पुन्हा उघडते. साचलेला पू बाहेर काढणे, दुर्बिणीतून स्टेंट किंवा निचरानळी बसवणे आणि पोषण चालू ठेवणे हे उपचार आधी केले जातात. त्यांनी न भागल्यास आतडे त्या छिद्राला जोडावे लागते.

थांबत नसलेली उलटी

एखाद्या लक्षणाकडे दुर्लक्ष होण्याची किंमत सर्वांत जास्त कोठे मोजावी लागत असेल, तर ती येथे. शस्त्रक्रियेनंतर घाईने किंवा नीट न चावता खाल्ल्याने एखादी उलटी होणे नवलाचे नाही. परंतु दिवसागणिक उलट्या होत राहिल्या तर मार्ग अरुंद झाला असण्याची शक्यता असते. स्लीव्हमध्ये हे अरुंदीकरण बहुधा नळीच्या मधल्या वळणावर होते, बायपासमध्ये जठर व आतड्याच्या जोडावर. दुर्बिणीतून फुगा फुगवून मार्ग रुंद करता येतो व बहुतेकांना तेवढे पुरते. स्लीव्ह पिळवटल्यासारखी वळलेली असेल तर मात्र तिचे बायपासमध्ये रूपांतर करावे लागते.

दुसरा धोका पोटात नसून मेंदूत असतो. थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा फक्त दोन-तीन आठवडे पुरतो. उलट्या चालू असतील आणि खाणे जवळजवळ बंद असेल तर तो साठा संपतो आणि वेर्निके विकृती नावाचा मेंदूचा विकार होतो. एकाची दोन चित्रे दिसणे, बुबुळे थरथरणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. उपचारास उशीर झाल्यास स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आपल्याकडे उलट्या होणाऱ्या रुग्णाला जवळच्या दवाखान्यात नेऊन ‘सलाईन लावण्याची’ पद्धत आहे. ते सलाईन ग्लुकोजचे असेल तर शरीर उरलेसुरले थायमिनही वापरून टाकते आणि विकार बळावतो. म्हणून अशा रुग्णाला ग्लुकोजच्या आधी, निदान त्याच्या बरोबरीने, थायमिनचे इंजेक्शन देतात. शस्त्रक्रिया झाली असल्याचे दवाखान्यात पाऊल टाकताच सांगणे याचसाठी आवश्यक ठरते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे व्रण इतके लहान असतात की न सांगितल्यास डॉक्टरांच्या ते लक्षातही येत नाहीत.

उशिरा उद्भवणारी गुंतागुंत

बायपास करताना आतडे वर उचलून जोडल्याने त्याच्या पडद्यात फटी तयार होतात. वजन घटल्यावर तेथील चरबी वितळते, फटी मोठ्या होतात आणि त्यांत आतडे शिरू शकते. याला अंतर्गत हर्निया म्हणतात. जेवणानंतर पोटात येणारी, काही तासांनी आपोआप थांबणारी कळ हे त्याचे रूप असल्याने अनेकदा आम्लपित्ताची गोळी देऊन रुग्णाला घरी पाठवले जाते. आतड्याला पीळ पडून रक्तपुरवठा थांबला तर काही तासांत ते मृत होते. सी. टी. स्कॅन निर्दोष आला तरी हा हर्निया नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. संशय राहिल्यास दुर्बिणीतून पोटात पाहावे लागते. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, गर्भाशय आतड्यांना वर ढकलत असल्याने हा धोका वाढतो. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच या फटी शिवून घेतल्यास तीन वर्षांत आतडे अडकल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर येते, असे दिसले.

बायपासमधील जोडावर होणाऱ्या व्रणाची मुख्य कारणे तंबाखू, धूम्रपान, जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या ही होत. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात सहज मिळतात आणि गुडघेदुखीसाठी घरोघरी घेतल्या जातात. बायपास झालेल्या व्यक्तीने त्या टाळावयाच्या असतात. पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित आहे. व्रण बहुधा आम्लरोधक औषधांनी भरतो. तो वारंवार होत राहिला तर जोड काढून नवा करण्याचा विचार होतो, मात्र तंबाखू चालू असताना केलेल्या नव्या जोडावरही व्रण होण्याची शक्यता तेवढीच राहते.

स्लीव्हनंतरची प्रमुख तक्रार म्हणजे छातीतील जळजळ. जठराची लवचीक पिशवी जाऊन तेथे ताठ नळी आल्याने आतील दाब वाढतो आणि आम्ल अन्ननलिकेत चढते. फिनलंडमधील स्लीव्ह व बायपास यांची तुलना करणाऱ्या चाचणीत दहा वर्षांनंतर स्लीव्ह झालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के आणि बायपास झालेल्यांपैकी सुमारे ७ टक्के व्यक्तींच्या अन्ननलिकेला दाह झालेला आढळला. जळजळ जाणवत नसतानाही दाह असू शकतो, त्यामुळे स्लीव्हनंतर काही वर्षांच्या अंतराने दुर्बिणीतून तपासणी करण्याची शिफारस केली जाते. मूळ शस्त्रक्रियेपूर्वीच तीव्र आम्लजळजळ असलेल्यांना स्लीव्हऐवजी बायपास सुचवण्याचे कारणही हेच आहे.

बायपासनंतर गोड पदार्थ खाल्ल्यावर अर्ध्या तासात छाती धडधडणे, घाम, पोटात मुरडा व जुलाब होतात, त्याला डंपिंग म्हणतात. एक ते तीन तासांनी रक्तातील साखर एकाएकी उतरणे हा त्याचा उशिराचा प्रकार. सणावारी श्रीखंड किंवा पुरणपोळी खाल्ल्यानंतर दुपारी भोवळ येते, तिचे कारण पुष्कळदा हे असते. साखर टाळणे, थोडे थोडे व प्रथिनयुक्त खाणे आणि जेवताना पाणी न पिणे एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. गरोदरपणातील मधुमेहासाठी ग्लुकोजचे पाणी पाजून केली जाणारी चाचणीही बायपास झालेल्या स्त्रियांत टाळून घरच्या घरी काही दिवस साखर मोजली जाते.

वेगाने वजन घटताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, म्हणून पहिले सहा महिने अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात व ते बहुधा पुन्हा येतात. लोंबणाऱ्या त्वचेवरील शस्त्रक्रिया हा स्वतंत्र विषय आहे.

पोषणाची कमतरता

लोह, ब१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम व प्रथिने यांची कमतरता या रुग्णांना आयुष्यभर संभवते. ब१२ चा साठा यकृतात वर्षानुवर्षे टिकतो, त्यामुळे गोळ्या थांबवल्यावर लगेच काही बिघडत नाही आणि त्या अनावश्यक होत्या असा समज होतो. हातापायांना मुंग्या येऊ लागतात तोवर मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते. भारतीय शाकाहारी व्यक्तींत ब१२ आणि लोह शस्त्रक्रियेपूर्वीच कमी असण्याची शक्यता असते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेतल्यास एकमेकींच्या शोषणाला अडथळा होतो, म्हणून दोहोंत निदान दोन तासांचे अंतर ठेवतात; जेवणाबरोबरचा चहाही लोहाला मारक आहे.

प्रथिने दिवसाला किमान ६० ग्रॅम मिळावीत अशी अपेक्षा असते. एक वाटी घट्ट वरणातून किंवा एका अंड्यातून साधारण सहा-सात ग्रॅम मिळतात, हे लक्षात घेतले म्हणजे लहानशा जठराला हे गणित किती अवघड आहे ते कळते. भात-वरणातला भात आधी खाल्ला तर वरणाला जागा उरत नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्याला पिष्ट भरपूर मिळते, प्रथिने जवळजवळ नाहीत. गर्भधारणा शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने पुढे ढकलावी, अशी शिफारस केली जाते, ती याच कमतरतांमुळे.

वजन पुन्हा वाढणे

स्थूल व्यक्तींच्या शस्त्रक्रियेचा स्वीडनमधील अभ्यास १९८७ साली सुरू झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांवर व्यक्तींची तेवढ्याच, शस्त्रक्रिया न केलेल्या व्यक्तींशी तुलना करण्यात आली. पहिल्या एक-दोन वर्षांत बायपास झालेल्यांचे वजन सरासरी ३२ टक्के घटले होते. दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. पट्टा बसवलेल्यांत २० टक्क्यांची घट दहा वर्षांनी १४ टक्के उरली. शस्त्रक्रिया न केलेल्यांचे वजन जवळपास होते तेवढेच राहिले. तरीही शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले.

या आकड्यांवरून उघड होते की नीचांकानंतर काही किलो परत येणे हा अपवाद नसून नियम आहे. वजन घटल्यावर शरीर भूक वाढवते व ऊर्जेचा खर्च कमी करते. शस्त्रक्रियेने हा प्रतिकार दुबळा होतो, नाहीसा होत नाही. १२० किलोवरून ८० किलोवर आलेली आणि पाच वर्षांनी ८८ किलोवर असलेली व्यक्ती अपयशी ठरत नाही. पण घरात, नात्यात आणि कधी दवाखान्यातही तिला ‘ऑपरेशन करूनही वाढलेच ना’ असे ऐकावे लागते. लाजेपोटी ती तपासणीला जायचे थांबते आणि रक्ताच्या तपासण्याही तिथेच थांबतात. रुग्णाचा आळस हे एकमेव स्पष्टीकरण वैद्यकशास्त्राने केव्हाच सोडून दिले आहे.

वाढ मोठी असेल तर कारण शोधावे लागते. पिशवी किंवा जोड रुंद झाला आहे काय, पट्टा सरकला आहे काय, हे दुर्बिणीने व बेरियमच्या क्ष-किरण चित्रांनी कळते. स्टिरॉइडे, इन्शुलिन, काही मानसोपचाराची औषधे, थायरॉइडचा विकार, झोपेची कमतरता, नैराश्य, दिवसभर थोडेथोडे चरत राहणे आणि मद्य ही इतर कारणे. बायपासनंतर मद्य रक्तात फार वेगाने चढते आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचे प्रमाण वाढलेले आढळते. आत्मघाताचा धोकाही या रुग्णांत काहीसा अधिक आढळला आहे. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांची भेट हा केवळ शस्त्रक्रियेपूर्वी उरकण्याचा उपचार नव्हे.

फेरशस्त्रक्रियेचे पर्याय

पट्टा सरकला किंवा जठराच्या भिंतीत रुतला असेल तर तो काढावाच लागतो. त्यानंतर स्लीव्ह किंवा बायपास करता येतो. भिंत सुजलेली वा जखमी असल्यास काही महिने थांबून दुसरा टप्पा करतात.

स्लीव्हनंतरच्या असह्य आम्लजळजळीसाठी बायपासमध्ये रूपांतर हा सर्वमान्य मार्ग आहे, आणि या कारणासाठी केलेल्या फेरशस्त्रक्रियेचा गुण सहसा चांगला येतो. तत्पूर्वी दुर्बीण तपासणी, बेरियमची चित्रे आणि गरज पडल्यास अन्ननलिकेतील आम्लाचे चोवीस तासांचे मापन केले जाते. छाती व पोट यांमधील पडद्याचा हर्निया पहिल्या वेळी राहून गेलेला असेल तर तोही शिवतात. एकच जोड असलेल्या बायपासनंतर पित्त वर येत असेल तर दोन जोडांच्या नेहमीच्या बायपासमध्ये त्याचे रूपांतर होते.

केवळ वजनासाठी स्लीव्हचे बायपास केल्यास मिळणारी जादा घट बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा कमी असते. अधिक लांबीचे आतडे वगळणाऱ्या शस्त्रक्रियांनी वजन जास्त घटते, पण जुलाब, प्रथिनांची व मेदात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांची तीव्र कमतरता यांचा धोकाही तेवढाच वाढतो. जी व्यक्ती आजच गोळ्या नियमित घेत नाही किंवा वार्षिक तपासणीला येत नाही, तिला असा पर्याय देणे धोक्याचे आहे. बायपासमधील रुंद झालेला जोड तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून टाके घालून लहान करता येतो. यात धोका कमी आणि वजनातील घटही मर्यादित. तीव्र कुपोषण किंवा साखर वारंवार उतरणे अन्य उपायांनी थांबत नसेल तर बायपास पूर्ववत करता येतो. स्लीव्हमध्ये जठर कापून टाकलेले असल्याने तशी सोय नाही.

फेरशस्त्रक्रियेत ऊती एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि जुन्या शिवणींजवळचा रक्तपुरवठा कमी असतो. गळती व इतर गुंतागुंत मूळ शस्त्रक्रियेपेक्षा अधिक होते आणि वजनातील घट सहसा कमी असते. म्हणून वजन हेच एकमेव कारण असेल तेव्हा आहार, मानसोपचार व औषधे यांना आधी अवसर देण्याकडे आता कल आहे. सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शने आल्यापासून हा कल बळावला आहे. ती बंद केल्यास वजन बहुधा पुन्हा वाढते आणि त्यांनीही उलट्या होऊ शकतात. अरुंद झालेला मार्ग किंवा आम्लजळजळ ती दुरुस्त करीत नाहीत.

भारतातील स्थिती

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आशियाई लोकांत शरीर वस्तुमान निर्देशांक २७.५ च्या वर असताना शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. विम्याचे निकष मात्र अधिक कडक आहेत. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या प्रमाणित अटींनुसार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असावा, अथवा ३५ किंवा अधिक असून सोबत ठरावीक गंभीर विकार असावेत. पहिल्या शस्त्रक्रियेने निर्देशांक घटलेल्या रुग्णाला आम्लजळजळीसाठी फेरशस्त्रक्रिया करावयाची झाल्यास तो या अटीत बसत नाही आणि ती वजनासाठी नसून गुंतागुंतीवरील उपचार आहे, हे डॉक्टरांच्या लेखी निदानासह विमा कंपनीला पटवून द्यावे लागते.

शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात आणि पुढचे आयुष्य जिल्ह्याच्या गावी, ही महाराष्ट्रातील अनेक रुग्णांची परिस्थिती आहे. गावातील डॉक्टरांना उपयोगी पडेल असा कागद म्हणजे शस्त्रक्रियेचा तपशीलवार अहवाल. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेल्या कार्डावर तो नसतो, मागून घ्यावा लागतो. कोणती शस्त्रक्रिया झाली, आतड्याची किती लांबी वगळली, पडद्यातील फटी शिवल्या की नाही, हे त्यात नोंदवलेले असते. फेरशस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदाला सर्वप्रथम तोच लागतो. तो उपलब्ध नसल्यास पोटात दुर्बीण घातल्यावरच जुनी रचना उलगडते.